गाणं नकोसं कशानं होतं

आदिलाबादेत माझं झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान आहे आणि दुकानाच्या वरच घर. समोर चौक, चौकाच्या दोन्ही अंगांना फंक्शन हॉल. लग्नसराईत गावातल्या बहुतेक वराती याच चौकातून जातात आणि जाता जाता इथं थांबतात, कारण नाचायला एवढी मोकळी जागा पुढं कुठं मिळत नाही. त्यामुळे कोणत्या साली कोणत्या गाण्यानं लोकांना वेड लावलं आणि त्याच गाण्यानं पुढं कुणाचे कान किटले, हे मला दुकानात बसल्या बसल्या कळत आलेलं आहे.

२०१६च्या एप्रिलअखेरीस ‘सैराट’ लागला आणि लगेच मे महिन्याच्या लग्नांत ‘झिंगाट’ येऊन पोचलं. पैनगंगेच्या पलीकडे यवतमाळ जिल्हा, अलीकडे तेलंगणात आम्ही. पण त्या गाण्यानं नदी मोजली नाही. ज्यांच्या घरात मराठीचा शब्द बोलला जात नाही अशा तेलुगू घरांच्या वरातीतही ते वाजलं, मुसलमान मुलांनी वाजवलं, गोंड पाड्यांवरही वाजलं. २०१९ सरताना ‘रामुलो रामुला’ हे तेलुगू गाणं आलं. तमनचं संगीत, कासर्ला श्याम यांचे शब्द, अल्लू अर्जुनचा नाच. मग कोरोनाचा तो मुका उन्हाळा. आणि २०२१ मध्ये ‘बुल्लेट्टु बंडी’.

हे गाणं सिनेमातलं नाही. मोहना भोगराजू यांनी गायलेलं ते एक सुटं गाणं, त्याच वर्षी यूट्यूबवर आलेलं. ऑगस्टमध्ये मंचिर्यालकडच्या एका नवरीनं आपल्याच वरातीत, नवऱ्यासमोर, भर रस्त्यात त्या गाण्यावर नाच केला. मंचिर्याल २०१६च्या ऑक्टोबरपर्यंत आमच्याच आदिलाबाद जिल्ह्यात होतं, त्यामुळे आम्हाला ती आपल्याच गावची पोर वाटली. कुणीतरी काढलेला तो व्हिडिओ पाहता पाहता सगळ्या तेलंगणात आणि आंध्रात फिरला. नवरीनं मान खाली घालून बसायचं, ही रीत त्या मुलीनं हसत हसत मोडली होती. मला त्या व्हिडिओचं मनापासून कौतुक वाटलं, आजही वाटतं.

पण त्यानंतर प्रत्येक नवरीला तेच गाणं हवं झालं. दिवाळीनंतरच्या तिथींपासून ते थेट पुढच्या वैशाखापर्यंत आमच्या चौकात दुसरं काही वाजलं असेल तर ते आधी किंवा नंतर. वरातीचं मुख्य गाणं तेच.

वरात थांबते म्हणजे काय होतं ते सांगतो. पुढे डीसीएम, म्हणजे सामान वाहायची ट्रकसारखी गाडी, तिच्यावर भिंतीसारखे रचलेले बेसचे डबे, वर टॉप, मागे जनरेटर. डीसीएमच्या मागे घोडा किंवा उघडी गाडी, तिच्यात नवरा-नवरी. चौकात आल्यावर गाडी आडवी लागते. पहिला ठोका पडतो तो कानाला कळायच्या आधी छातीला कळतो. माझ्या काउंटरवरची पेनांची बरणी थरथरायला लागते, कात्री जागची सरकते, अर्धं उघडं शटर खळखळत राहतं. झेरॉक्स काढायला आलेला माणूस तोंड हलवत असतो आणि मी बोटांनी विचारतो, ‘किती प्रती?’ वर खाटेवर आई. तिला दम्याचा त्रास. ती काही बोलत नाही, उशी कानावर दाबून भिंतीकडे तोंड करते. गाणं संपतं तेव्हा एक क्षण सगळ्यांनाच हायसं वाटतं. तेवढ्यात गर्दीतून हात वर होतात, ‘अजून एकदा!’ आणि पुन्हा तेच पहिल्यापासून.

आमच्या चौकात नेहमी येणारा एक डीजेवाला पोरगा आहे. बेल्याकडचा. पावतीबुकं माझ्याकडेच छापून घेतो. एकदा दुपारी उन्हाचा आला असताना मी त्याला विचारलं, ‘तुला रे कसं सहन होतं हे?’

तो म्हणाला, ‘काका, मले का सहन होते? मी तं कानात कापूस कोंबून बसतो. घरी बायकोनं टीवीवर ते गाणं लावलं का मी उठून बाहेर जातो.’

‘मग परत परत लावतोस कशाला?’

‘लोकायलेच पाहिजे राहते. नाही लावलं तं हिशेबाच्या टायमाले पैसे कापते. म्हणते, तू आमच्या लग्नात मजा नाही आणली.’

कापसाच्या बाजारपेठेचं हे गाव. त्या पोराच्या खिशात खरोखरच कापसाचा बोळा असतो, मी पाहिला आहे. ज्याच्या हातात गाण्याचं बटण, तोच गाण्याला सगळ्यांत जास्त कंटाळलेला. घर चालवायचं म्हणून तो रोज रात्री स्वतःचे कान जाळून घेतो. त्याला ऐकू कमी यायला लागलं आहे, हे त्याच्याशी दोन वाक्यं बोलणाऱ्यालाही कळतं. पोरगा अजून तिशीत आहे.

गाणं नकोसं होण्याचा आणखी एक प्रकार मी शेजारी पाहिला. आमच्या पलीकडच्या गल्लीत एक मावशी राहतात. ‘झिंगाट’च्याच उन्हाळ्यात त्यांचे यजमान गेले. उपचाराला नागपूरला नेलं होतं, तिथून संध्याकाळी देह घरी आणला. अंगणात तिरडी बांधणं चाललं होतं आणि चौकात वरात आली. आमच्यातले दोघे-तिघे जाऊन वरातीतल्या मोठ्या माणसांशी बोलले. ती माणसं चांगली होती, त्यांनी लगेच गाणं बंद केलं, हात जोडले. वरात पुढच्या वळणावर गेली आणि तिथं पुन्हा सुरू झालं. त्यांचं तरी काय चुकलं? त्यांच्या घरी लग्न होतं. पण पुढच्या वळणाचा आवाज अंगणात पोचायचा तो पोचलाच. मावशींच्या आयुष्यातली ती संध्याकाळ त्या गाण्याला कायमची चिकटली.

पुढे एकदा किनवटला एका नात्यातल्या लग्नात त्या पंगतीत बसल्या होत्या. बाहेर ते गाणं लागलं आणि त्या भरल्या ताटावरून उठल्या. सगळ्यांना वाटलं काही तरी मानापमान झाला. मला त्या नंतर म्हणाल्या, ‘गाणं काही वाईट नाही रे बापू. पण थे वाजलं का मले अंगणातली तिरडी दिसते.’

त्या वाक्यानं मी बराच विचारात पडलो. नकोशा गाण्यांविषयी बोलताना आपण सरसकट म्हणतो, काय ही आजकालची गाणी, ना सूर ना शब्द. मला ते पटत नाही. ‘सैराट’च्या संगीतासाठी अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसला जाऊन तिथल्या वाद्यवृंदाकडून वाजवून घेतलं होतं, इतक्या निगुतीनं केलेलं संगीत टाकाऊ कसं म्हणायचं? ‘नाटु नाटु’ला मार्च २०२३ मध्ये ऑस्कर मिळालं, तेव्हा आमच्या चौकात फटाके वाजले, आणि त्याच उन्हाळ्यात त्याच लोकांनी ‘बस झालं आता’ म्हणून कपाळाला हात लावला. दोन महिन्यांत गाणं बदललं नव्हतं.

मग दोष पुन्हा पुन्हा ऐकण्याचा म्हणावा, तर तेही पूर्ण खरं नाही. रॉबर्ट झायोंक या मानसशास्त्रज्ञानं १९६८ मध्ये दाखवून दिलं की एखादी गोष्ट वारंवार समोर आली की ती आवडायला लागते. डॅनियल बर्लाइननं पुढं त्यात भर घातली: आवड वाढते, एका टोकाला पोचते आणि तिथून उतरणीला लागते. वरातीचं गाणं या उताराला लागलेलं असतं हे मान्य. पण अशीही गाणी आहेत जी जन्मभर ऐकून उतरणीला लागत नाहीत, आणि ती मला दूर कुठं शोधायला जावं लागत नाही.

माझं आजोळ पैनगंगेच्या काठचं. बेला, जैनथ, तामसी या भागात मराठी बोलणारी गावंच्या गावं आहेत आणि त्यांतल्या कितीतरी गावांत संध्याकाळी देवळात हरिपाठ होतो. तेच अभंग, तीच चाल, तेच टाळ. माझे मामा वयाच्या सातव्या-आठव्या वर्षापासून म्हणत आलेत. कंटाळा आला का, असं त्यांना विचारलं तर प्रश्नच कळणार नाही. तिथं गाणं त्यांच्या अंगावर कुणी ओतत नाही. ते त्यांच्या तोंडून निघतं. एखाद्या दिवशी घसा बसला असेल तर नुसते टाळ वाजवतात, शेतात उशीर झाला तर उशिरा येतात. येणं, बसणं, म्हणणं सगळं त्यांच्या हाती.

दुसरं उदाहरण दंडारीचं, म्हणजे गोंडांच्या दिवाळीतल्या नाचाचं. उटनूरकडच्या एका गोंड मित्राच्या गावी मी दिवाळीच्या दिवसांत जात असतो. मोरपिसांचा भला मोठा टोप, अंगाला राख, हातात सोटा, कमरेला घुंगरं अशा वेषात गुसाडी नाचतात. एका गावची दंडारी दुसऱ्या गावी पाहुणी म्हणून जाते, यजमान गाव तिला सामोरं येतं, रात्रभर ढोल आणि सनईसारखे पेप्रे वाजतात. याच गुसाडीसाठी मारलवाईच्या कनक राजूंना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. कितीतरी पोरांना त्यांनी हा नाच शिकवला. आता ढोलाचा तो एकच ठेका रात्रभर कानांवर पडतो. सपाटून मोठा असतो. तरीही पहाटे तो थांबला की अजून हवा होता असं वाटतं.

मी मित्राला विचारलं, वर्षात इतर वेळी का नाही वाजवत? तो म्हणाला, ‘देवाचं आहे ते. दिवाळीत निघते, कोलाबोडी झाली का मोरपिसाचा टोप ठेवून देतो. मंग पुढच्या दिवाळीपर्यंत कोणी हात लावत नाही.’ कोलाबोडी हा शेवटचा विधी. तो झाला की गुसाडीचा माणूस पुन्हा शेतकरी होतो. त्या ठेक्याला वर्षातले थोडेच दिवस दिलेले आहेत आणि ते दिवस सगळा समाज पाळतो, म्हणून तो ठेका वर्षानुवर्षं ताजा राहिला.

आमच्याकडच्या तेलुगू बायकांच्या बतुकम्माचंही तसंच. भाद्रपद अमावास्येपासून नऊ दिवस तंगेडू आणि गुनुगूच्या फुलांची ती रास मध्ये ठेवून टाळ्या वाजवत गोल फिरायचं, एकीनं म्हणायचं आणि बाकीच्यांनी मागून ओढायचं. माझी बायको मराठी घरातली, पण शेजारणींबरोबर तीही फिरते. अलीकडे काही ठिकाणी त्या गोलाच्या बाजूला डीजेचे डबे लावतात आणि दरवर्षी नवं ध्वनिमुद्रित गाणं वाजवतात. बायको म्हणते, तिथं पाय फिरतात पण तोंड बंद होतं. आवाजात स्वतःचा आवाज ऐकूच येत नाही, मग म्हणायचं कशाला? त्या नव्या गाण्यांचा वीट तिला तिसऱ्या दिवशी येतो. टाळ्यांवरची जुनी गाणी मात्र ती वर्षभर पोळ्या लाटताना गुणगुणते.

वडील सांगायचे, रेडिओ सिलोनवर बुधवारी रात्री बिनाका गीतमाला लागायची तेव्हा गल्लीतल्या ज्याच्या घरी रेडिओ, त्याच्या ओसरीवर माणसं बसायची. आवडीचं गाणं आठवड्यातून एकदा यायचं, तेही आलं तर. अमीन सयानींच्या आवाजाची वाट पाहण्यात सात दिवस जायचे. ती वाट पाहणंच गाण्याला जपत होतं.

या सगळ्यावरून मला एवढं उमगलं आहे: माणसाला गाणं नको म्हणायची मुभा राहिली नाही की ते गाणं त्याला नकोसं होतं. माझ्या आईला वरात थांबली की घर सोडून जाता येत नाही. मावशींना त्या संध्याकाळी अंगण सोडता येत नव्हतं. डीजेवाल्या पोराला पोट सोडता येत नाही. हरिपाठाला बसलेल्या मामांना मात्र उठता येतं, म्हणून ते बसतात.

कायद्यानं ही मुभा आपल्याला दिलेली आहे. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धक बंद. वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा. दवाखाना, शाळा, न्यायालय यांच्याभोवती शंभर मीटर शांतता क्षेत्र. सर्वोच्च न्यायालयानं जुलै २००५ मध्ये यावर सविस्तर निकाल दिला. हैदराबाद शहर पोलिसांनी तर ऑक्टोबर २०२४ मध्ये धार्मिक मिरवणुकांत डीजेवर बंदीच घातली. पण लहान गावात शेजाऱ्याच्या लग्नाच्या दिवशी पोलिसांना फोन कोण करणार? उद्या त्याच्याच पंगतीला बसायचं असतं. म्हणून हे काम गावातल्या माणसांनी आपसांतच करायला हवं असं मला वाटत होतं, आणि त्याची वेळ माझ्याच घरी आली.

गेल्या वैशाखात माझ्या मुलीचं लग्न झालं. तिनं महिनाभर आधी सांगून टाकलं, ‘बाबा, मला बुल्लेट्टु बंडीवर नाचायचं आहे.’ माझ्या आईनं वरून ऐकलं आणि काही बोलली नाही. मी मुलीला म्हटलं, नाच, पण डीसीएम नको. हॉलच्या दारात एक लहान बॉक्स लावू, गाणं एकदाच वाजेल, आणि रस्त्यानं बँड आणि डफडं. भाचे मंडळी हिरमुसली. मुलगी तयार झाली. तिला गाणं हवं होतं, डबे नको होते.

ती नाचायला उभी राहिली तेव्हा आवाज इतका बेताचा होता की पहिल्यांदाच त्या गाण्याचे शब्द कळले. इतकी वर्षं बेसच्या ठोक्यांखाली ते गाडले गेले होते. नटलेली एक मुलगी नवऱ्याला सांगते आहे, की तू बुलेटवर बसून ये, मी तुझ्यामागं बसून निघते. ज्या घरात लाडानं वाढले ते मागं ठेवून तुझ्या घरी येते. वरवर थिल्लर वाटणारं हे गाणं सासरी निघालेल्या लेकीचं आहे. ओव्यांमधून आमच्या आज्या-पणज्या जे सांगत आल्या तेच ही पोर बुलेटवर बसून सांगते. माझी मुलगी ते शब्द ओठांनी म्हणत नाचली. माझी आई खुर्चीत बसून पूर्ण गाणं ऐकत होती, आणि तिला तेलुगू माझ्यापेक्षा चांगलं येतं. संपल्यावर तिनं नातीला जवळ बोलावून तिच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. मावशीही आल्या होत्या, शेवटपर्यंत बसल्या, पोटभर जेवल्या.

कुणी ‘अजून एकदा’ म्हटलं नाही असं नाही. म्हटलं. मी बँडवाल्यांना खूण केली आणि डफडं सुरू झालं, पोरं तिकडे वळली.

लग्नानंतर तो बेल्याचा डीजेवाला पोरगा नवं पावतीबुक छापायला आला. आम्ही दोघांनी बसून त्याच्या पावतीवर खाली तीन ओळी टाकल्या, मराठीत आणि तेलुगूत. रात्री दहा वाजता वाजवणं बंद होईल. दवाखाना आणि मयताच्या घराजवळ गाडी मुक्यानं जाईल, पुढच्या वळणावरही लगेच सुरू होणार नाही. या कारणानं ठरलेले पैसे कापता येणार नाहीत. पावतीवर लग्नघरच्या मोठ्या माणसाची सही घ्यायची. तिसरी ओळ त्यानंच सांगून लिहून घेतली, आणि मला ती सगळ्यांत महत्त्वाची वाटते. पैसे कापले जाण्याच्या धास्तीनंच त्याचा हात आवाजाच्या खटक्यावरून खाली येत नव्हता.

सगळीच लग्नघरं सही करत नाहीत. काही जण पावती परत करून दुसरा डीजे पाहतात. पण जी करतात, त्यांच्या वरातीत हा पोरगा आता पावती दाखवून ‘नाही’ म्हणू शकतो. त्याचं पाहून आणखी दोघे डीजेवाले तशीच पावती मागायला आले. छपाईचे पैसे मी त्यांच्याकडून घेतो, त्या तीन ओळींचे घेत नाही. तुमच्या घरी लग्न ठरलं असेल तर डीजेशी पैशाची बोली करताना आवाजाचीही बोली करा. त्यात आपल्या लेकीचं आवडतं गाणंही वाचेल, आणि ते गाणं आयुष्यभर ऐकावंसं वाटेल.